मेस बंद, भजन चालू

कुंभकोणच्या एका कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाची मी मॅट्रन होते. मॅट्रन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छडी येते. माझ्या हातात चाव्यांचा जुडगा, अमृतांजनची बाटली आणि चव घ्यायची पळी याखेरीज कधी काही नव्हतं. आजारी मुलींना कांजी द्यायची, भेटायला आलेले 'मामेभाऊ' खरे किती आणि खोटे किती ते ओळखायचं, आणि मेसवर नजर ठेवायची, असं माझं काम. आजारी मुली सोप्या, मामेभाऊ अवघड, आणि मेसचं रसम सगळ्यांत अवघड. रसम पाण्यासारखं झालं की मुली म्हणत, 'आज कावेरीला पूर आलेला दिसतो.'

मुली मला 'रायर मामी' म्हणत. आमच्याकडे तमिळ माणसं मराठी माणसाला रायर म्हणतात, आमच्या 'राव'वरून. आम्ही मराठी राजांच्या वेळी तिकडे गेलेली माणसं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं मराठी कसं आहे ते मला पुण्याला मुलाकडे राहायला आल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात मी भाजीवालीला म्हटलं, 'मजला दोन जुड्या दे.' ती म्हणाली, 'आजी, तुम्ही आधी नाटकात होता का?' तेव्हापासून सून माझं मराठी दुरुस्त करते. हे लिखाणही तिनं दुरुस्त केलेलंच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमची मेस 'डिव्हायडिंग'वर चाले. महिन्याभरात तांदूळ, डाळ, तेल, दूध, भाजी, लाकूड यांचा जो काय खर्च होईल, तो जितक्या मुली जेवल्या तितक्यांत वाटायचा. ऐकायला अगदी न्यायाचं वाटतं. पण ज्या मुलीच्या वडिलांचं कुंभकोणच्या बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे तिला रोज बटाट्याची भाजी हवी असते, आणि जिचे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात ती बटाटा खाताना प्रत्येक फोडीला वडिलांचा चेहरा आठवते. दोघींचं बिल मात्र एकच.

हे सगळं सांभाळायला दर महिन्याला मुलींतूनच एक मेस सेक्रेटरी निवडत. तिनं आमच्या स्वयंपाक्याबरोबर, गोविंदनबरोबर, पहाटे बाजारात जायचं, भाव करायचा, आणि महिनाभर सगळ्यांच्या शिव्या खायच्या. बटाटेवाल्या मुली बहुधा आपल्यातलीच कुणीतरी निवडून आणत, आणि बिल चढत जाई.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार असेल. मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबरचा मध्य ते संक्रांत, तोंडावर आलेला. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे एवढी थंडी पडते की पुण्याची माणसं तिला उन्हाळा म्हणतील, पण आमच्या मुली कानाला मफलर बांधून फिरतात. त्या महिन्यात सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होईना. तेव्हा दुसऱ्या वर्षाची कल्याणी माझ्याकडे आली. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या शेतकऱ्याची मुलगी. काटकुळी, गणितात हुशार, आणि डोळ्यांत सदा काहीतरी शिजत असलेली.

"मामी, मी होते सेक्रेटरी."

"तुला पहाटे उठवत नाही. तुझी वेणी वर्गात बसल्यावर घालतेस तू."

"अप्पांनी सांगितलंय, बिल असंच चढत राहिलं तर पोंगलनंतर वसतिगृह सोडायचं. पॅसेंजरनं जा-ये करायची."

"मग कर की. गाडी तुमच्या गावाला थांबते."

"गाडी थांबते, पण आत्या थांबत नाही," ती म्हणाली. "मी घरात दिसले की आत्याला तिचा मुलगा आठवतो. दोन महिन्यांत मांडव घालतील."

माझं हसू गेलं. अशा मुली माझ्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. एक दिवस खोलीतली पत्र्याची पेटी नसायची, आणि पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाचे हात लागलेली पत्रिका यायची. मी कल्याणीचं नाव पुढे केलं. विरोधात कुणीच नव्हतं, सगळ्या पांघरुणात होत्या.

पहिल्याच आठवड्यात तिनं बटाटा बंद केला. अप्पळम, म्हणजे आपले पापड, तेही गेले. गावाहून बैलगाडीभर भोपळे आले. भोपळ्याचं सांबार, डाळ-खोबरं घातलेलं भोपळ्याचं कूटू, भोपळ्याची भाजी. पाचव्या दिवशी बटाटेवाल्या मुलींनी ताटं पालथी घातली. गोविंदनचाही अपमान झाला होता. तो मुळात लग्नाकार्याचा आचारी, गुडघे दुखायला लागले म्हणून आमच्याकडे आलेला. "अम्मा," तो मला म्हणाला, "मी पाचशे पानांना जिलबीसारख्या जांगऱ्या तळल्यात. या भोपळ्यापुढे मला हात जोडायला लावू नका."

कल्याणी माझ्या खोलीत येऊन बसली. मी नुकतीच मरुदानल्लूरच्या एका भजनाहून परत आले होते, आणि पानात बांधलेला प्रसाद उलगडत होते. चिंचेचा भात, दहीभात, सुंडल म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, एक लाडू. आमच्या भागात मार्गळीत गावोगावी भजनाचे उत्सव होतात. राधेचं आणि कृष्णाचं लग्न लावतात, त्याला राधाकल्याण म्हणतात. भागवतर मुख्य गातात, मागे सगळी मंडळी झेलतात. त्यात आमचे मराठी अभंगही असतात, तमिळ माणसं ते मोठ्या भक्तीनं आणि एकही अक्षर न समजता म्हणतात. आणि मग जेवण.

कल्याणीनं एक सुंडलचा दाणा उचलला. "मामी, तिथे जेवायला किती माणसं असतात?"

"येईल तो जेवतो."

"आणि भजन म्हणणारे?"

"त्यांना तर हाताला धरून बसवतात."

तिनं दाणा तोंडात टाकला. चघळला. मग म्हणाली, "तुम्हाला अभंग येतात ना?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण गेली कित्येक वर्षं मला कुणी अभंग येतात का म्हणून विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी जेवणघरात तालीम सुरू झाली. हिशेब साधा होता. वसतिगृहच्या वसतिगृह भजनाला गेलं की त्या दिवशी चूल पेटायची नाही. चूल पेटली नाही की त्या दिवसाचा खर्च कुणाच्याच बिलात नाही. बटाटेवाल्यांना कल्याणीनं वेगळ्या शब्दांत समजावलं, "उत्सवात पायसम असतं. वडे असतात. तुम्हाला मी वर्षभर भोपळा देऊ शकते, किंवा आठवड्यातून दोनदा लग्नाचं जेवण." त्या सगळ्यांत पुढच्या रांगेत बसल्या.

मुलींनी अभंग तमिळ लिपीत उतरवून घेतले. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना अक्षर एकच. त, थ, द, ध आणि प, फ, ब, भ यांचंही तसंच. त्यामुळे मी एक म्हणत असे आणि जेवणघरातून भलतंच परत येई. एका ओळीत मी 'भाव' शिकवला, तर त्या 'पाव' म्हणायला लागल्या. बेकरीचा पाव मागितल्यासारखी भक्ती ऐकून मला पदर तोंडात घालावा लागला. पण कल्याणीची खोलीतली मैत्रीण ललिता हिचा गळा फार सुरेल होता. ती अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, घरची. लहानपणापासून घरात गाणं शिकलेली. तिनं सूर धरला की बाकीच्यांचे उच्चार देवानंसुद्धा माफ केले असते. गोविंदननं झांजा घेतल्या. तो म्हणे, चूल बंद, मग मी एकटा काय करू? खरं कारण वेगळं होतं. त्याला बाहेरच्या आचाऱ्यांच्या हातचं खाऊन नावं ठेवायची होती.

बाहेर जायला प्रिन्सिपल मॅडमची परवानगी लागे. मॅडम करड्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की व्हरांड्यातली कबुतरंसुद्धा ओळीत बसत. कल्याणीनं अर्जात 'सांस्कृतिक कार्य' असं लिहिलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळ्या मुलींना एकदम संस्कृतीची ओढ लागली?"

"मार्गळी आहे, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

पहिले दोन उत्सव लहान होते. एका शिक्षकाच्या घरी, एका देवळाच्या मंडपात. आम्ही टाउन बसमधून झांजा वाजवत गेलो, कंडक्टरनं पुढच्या सीटा रिकाम्या करून दिल्या. मुली मनापासून गायल्या आणि त्याहून मनापासून जेवल्या. गोविंदननं एका ठिकाणी वडा मोडून वास घेतला आणि "डाळ जास्त भिजली" असं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की आतला आचारी बाहेर आला. आमचं नाव पसरत गेलं. 'रायर मामींच्या मुली' म्हणून लोक बोलवायला लागले.

तिसरं बोलावणं मोठं होतं. मरुदानल्लूरच्या पलीकडे एका गावात वैद्यनाथन म्हणून निवृत्त इंजिनियर होते. मद्रासला राहायचे, पण मार्गळीत गावी येऊन राधाकल्याण करायचे. घर अग्रहारातलं, मांडव रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, भागवतर नावाजलेले. आम्ही सकाळी पोचलो. भागवतरांबरोबर मुली रस्त्यानं गात फिरल्या. दाराशी बायका येऊन भागवतरांच्या खांद्यावरच्या तांब्याच्या भांड्यात भिक्षा म्हणून तांदूळ घालत होत्या, आणि भागवतर मागे वळून मुलींना "अजून एकदा, अजून एकदा" म्हणत होते. एवढा दणदणीत कोरस त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नसावा.

मांडवात परत आलो तेव्हा वैद्यनाथन माझ्याकडे आले. बोलायला अत्यंत सौम्य माणूस.

"मामी, फार छान. या मुली कुठल्या कुठल्या घरच्या?"

"माझ्या वसतिगृहातल्या."

"ते कळलं हो. पण..." त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी स्वतः काही मानत नाही. पण वडीलधारी माणसं आहेत. आपल्या मुलींना आतल्या पंक्तीत बसवू. बाकीच्यांची व्यवस्था मागच्या अंगणात, नंतर. पदार्थ सगळे तेच."

आपल्या मुली. म्हणजे माझ्यासारख्या ब्राह्मण घरच्या. सगळ्या मिळून चौघी-पाचजणी निघाल्या असत्या. मी काही बोलायच्या आत त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. मी वळले तर कल्याणी मागे उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मामी, तुम्ही कुठल्या पंक्तीत?"

"आतल्या."

"ललिता?"

"आतल्या."

"गोविंदन अण्णा?"

"तो केव्हाच स्वयंपाकघरात शिरलाय. त्याला पंक्ती लागत नाही."

ती हसली नाही. मला वाटलं, आता ही उठून बसस्टँडवर जाईल, आणि मी काय तोंडानं तिला थांबवू? पण ती मुलींमध्ये जाऊन बसली. तिनं ललिताच्या कानात काहीतरी सांगितलं. ललितानं शेजारणीच्या कानात. ते सतरंजीच्या शेवटापर्यंत गेलं, आणि मुली पुन्हा शहाण्यासारख्या पुढे बघायला लागल्या.

लग्नाला सुरुवात झाली. राधा-कृष्णाच्या मूर्ती झोपाळ्यावर. मंगळसूत्राचा मुहूर्त जवळ आला होता. भागवतरांनी हात उंचावून अभंगाची पहिली ओळ घेतली आणि कोरसकडे झोकली.

शांतता.

एक झांज कुठेतरी किणकिणली आणि गप्प झाली. भागवतरांना वाटलं, मुली चुकल्या. त्यांनी पुन्हा ओळ घेतली, अधिक खुलवून. पुन्हा काही नाही. घरच्या पाहुण्यांनी प्रयत्न केला, पण त्यांना शब्द येईनात, आणि जो आवाज निघाला तो लग्नघरातला कमी आणि दवाखान्यातला जास्त होता. भागवतरांनी ललिताकडे पाहिलं. आतल्या पंक्तीत जिचं पान आधीच मांडलेलं होतं त्या ललितानं गळ्याला हात लावला आणि मान हलवली. मग खोकली. तिच्यामागून सगळ्या खोकल्या. बटाटेवाल्यासुद्धा.

वैद्यनाथन धावत आले. "काय झालं?"

"घसा बसला, सर," कल्याणी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सगळ्यांचा? एकदम?"

"एकाच वसतिगृहात राहतो ना आम्ही. एकीला झालं की सगळ्यांना होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलींना हे मी शिकवलं नव्हतं. थांबवलंही नाही. माझाही घसा जरा खवखवत होता.

भागवतर जाणते होते. त्यांनी कल्याणीकडे पाहिलं, आतल्या पानांकडे पाहिलं, मग हार्मोनियमवाल्याला खूण करून पेटी बंद करायला लावली. "वऱ्हाडाचा आवाज नसेल तर राधेचं लग्न कसं लावू?" ते म्हणाले. "मुहूर्त टळला तर माझ्यावर नाही." आणि पंच्यानं कपाळ पुसत निवांत बसले.

मांडवात कुजबुज वाढली. तेव्हा वैद्यनाथन यांची आई उठली. खूप म्हातारी, पांढऱ्या लुगड्यातली, पाठीत वाकलेली. सगळे तिला पाटी म्हणत, म्हणजे आजी. सकाळभर ती खांबाला टेकून एकटक मुलींकडे बघत होती. ती टेकत टेकत कल्याणीपुढे येऊन बसली.

"खरं सांग गं. घसा कशानं बसला?"

कल्याणीनं खाली बघितलं. "भुकेनं, पाटी."

"बरा कधी होईल?"

"सगळ्यांची पानं एका ओळीत दिसली की."

मी देवाचं नाव घेतलं. पाटीच्या सुरकुत्यांमध्ये आधी काही हललं नाही, मग एकदम ती हसायला लागली. दात नव्हते, पण काय हसली! "वैद्या," ती मुलाला म्हणाली, "या घरात लग्न करून मी आले तेव्हा माझ्या माहेरच्यांना मागच्या अंगणात बसवलं होतं. खालच्या शाखेचे म्हणून. मी तेव्हा गप्प बसले. घसा बसवायचं मला सुचलं नाही. मांड पानं."

वैद्यनाथन यांनी इकडेतिकडे पाहिलं. आईपुढे ते इंजिनियर नव्हते. पानं एका ओळीत मांडली गेली. दोघे-तिघे नातेवाईक उठून उपरणी झटकत निघून गेले. कल्याणीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मामी, त्यांच्या जांगऱ्या वाया जातील का?"

मग मुलींचे घसे असे सुटले की झोपाळ्यावरच्या मूर्तींनी कान झाकले असते. 'पाव' म्हणायचा तिथे 'पाव'च म्हणाल्या. भागवतरांनी दुरुस्त केलं नाही. जेवताना पाटी कल्याणीच्या शेजारी बसली आणि स्वतःच्या पानातली जांगरी उचलून तिच्या पानात टाकली. गोविंदन वाढपात शिरला होता. ओळीच्या शेवटी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "अम्मा, सांबारात काही खोट नाही." त्याच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही.

जे उठून गेले त्यांनी गप्प बसायचं काही कारण नव्हतं. चार दिवसांत प्रिन्सिपल मॅडमचं बोलावणं आलं. कल्याणीलाही. तिचा चेहरा पडला होता. वसतिगृहातून काढलं तर पॅसेंजर, आणि पॅसेंजरच्या दुसऱ्या टोकाला आत्या.

मॅडम कागद वाचत होत्या. "तुम्ही मुलींना उत्सवांत जेवायला नेता. मेसचा खर्च वाचवायला. खरं?"

"खरं," मी म्हणाले.

"कल्पना माझी, मॅडम," कल्याणी म्हणाली. "मामींना फक्त अभंग येतात."

"आणि एका भल्या माणसाच्या घरी तुम्ही लग्न थांबवलंत."

"उशीर केला, मॅडम. थांबवलं नाही. लागलं शेवटी."

मॅडमनी कागद खाली ठेवला. मग वेगळ्याच आवाजात विचारलं, "कुठल्या पंक्तीत बसलात?"

"आतल्या," कल्याणी म्हणाली.

"सगळ्या?"

"सगळ्या."

मॅडम कुठल्या घरच्या होत्या हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर बोलत नसे. इतकी वर्षं त्या कॉलेजात होत्या, गावातल्या प्रत्येक समारंभाची पत्रिका त्यांना येई, आणि प्रत्येक वेळी त्या भाषण करून, जेवणाआधी, 'काम आहे' म्हणून परत येत. मी ते पाहिलं होतं. का, हे मला त्या दिवशी नीट कळलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मग तक्रारीचा कागद टेबलाच्या खणात टाकला आणि खण लोटून दिला.

"पुढच्या वेळी असा अर्ज चालणार नाही," त्या म्हणाल्या. "जबाबदार अधिकारी बरोबर हवी. माझं नाव घाला."

त्या महिन्याचं बिल पाहून कल्याणीच्या अप्पांनी मुलगी हॉस्टेलातच राहू दे म्हणून निरोप पाठवला. बिल चुकलंय का, असंही विचारलं होतं. कल्याणी गणितात बी.एस्सी. झाली, मग शिक्षिका. आत्याच्या मुलानं दुसरीशी लग्न केलं आणि त्याचंही बरं चाललं आहे. नव्वदनंतर कधीतरी आमच्या मेसला कंत्राटदार आला. बिल ठरलेलं, पदार्थ ठरलेले, सेक्रेटरी नको, बाजार नको. माझं काम हलकं झालं. पण मुली एकमेकींच्या घरचं काही जाणेनाशा झाल्या. आपल्या ताटातल्या बटाट्याचा दुसरीच्या वडिलांशी काही संबंध असतो, हे त्यांना भांडून का होईना, आधी कळायचं. ते गेलं याचं मला वाईट वाटतं.

पण मॅडम खरंच आल्या, ते सांगायचं राहिलं. पुढचा उत्सव पोंगलच्या आधीचा, एका वकिलाच्या घरी. मॅडम कडक सुती साडीत, बसमध्ये पुढच्या सीटवर ताठ. त्यांना सूर नव्हता, तेव्हा मुलींनी झांजा दिल्या. त्यांना तालही नव्हता, तेव्हा मुलींनी झांजा परत घेतल्या. जेवायला बोलावलं तेव्हा सवयीनं त्या उठायला लागल्या. कल्याणीनं एका बाजूनं आणि ललितानं दुसऱ्या बाजूनं पदर धरला. त्या बसल्या. पान आलं, भात आला, सांबार, रसम, दोनदा पायसम. शेवटी त्यांनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, जेवण आवडल्याचं सांगायला, केळीचं पान आपल्या बाजूला मिटलं. हात धुवायला उठताना, मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, माझ्या कानाशी वाकल्या आणि विचारलं,

"मामी, पुढचं राधाकल्याण कुठं आहे?"